अडीच फुटांची भिंत

माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी उमर काढली, तिथं गोड बोलून कुणी औषध घेत नाही. "तोंड उघडा, नाहीतर सुई दोनदा टोचीन," म्हटलं की भलेभले पैलवान आ वासायचे. श्रीरामपुरातली आमची गल्ली मला अजून सिस्टर म्हणूनच ओळखते, आणि सिस्टर तावातावानं रस्त्यावर आली की बायका हात पुसत दारात येऊन उभ्या राहतात. करमणूक फुकटात कुणाला नको असते! तर ही गोष्ट माझ्या फजितीची आहे. आता सांगताना हसू येतं, त्या दिवशी मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन जरा निवांत बसतायत तोच अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवी बाजू कमजोर झाली. वॉकर धरून चालतात. आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर पत्रे. न्हाणीघर मागच्या अंगणात, सहा पायऱ्या उतरून. त्या पायऱ्यांवर ते दोनदा पडले. मग मी स्वयंपाकघरातल्या मोरीत प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि तिथंच त्यांना अंघोळ घालायला लागले. मोरीला दार कुठलं, जुन्या साडीचा एक पडदा. मला त्याचं काय, मी शेकडो पेशंटांना पुसून काढलेलं. पण हा माणूस लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी बनियन बदलायला आतल्या खोलीत जाणारा. त्या खुर्चीवर ते मान खाली घालून बसायचे आणि अंघोळ होईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत.

एक दिवस मी पाठीवर पाणी घालत होते, तर म्हणाले, "अगं, मला दुसरं काही नको. एकदा दार लावून, आतून कडी घालून, एकट्यानं अंघोळ करायचीय."

"कडी घातली आणि पडलात तर?"

"तर तोड दार."

डोळे लाल दिसले म्हणून मी विचारलं, साबण गेला का? "साबण नाही," म्हणाले. मी तांब्या खाली ठेवला आणि उगीचच गॅसवर काही उतू जातंय का बघायला गेले. गॅस बंदच होता. तिथं उभी राहून रडले आणि ठरवून टाकलं, हे घर पाडायचं. फंडाचे पैसे होते, मुलगी पुण्याहून म्हणाली, आई, कर. तिनं कॉलेजातल्या मैत्रिणीला पाठवलं, ती इंजिनीअर.

त्या पोरीनं टेप लावली आणि पहिल्या तासातच सांगितलं की जागा लांबीला भरपूर आहे पण रुंदीला चिंचोळी. जोतं खाली घेता येईल, पायऱ्या जातील, न्हाणीघर खोलीला लागून आत येईल. पण वॉकर घेऊन माणूस आत जायचा म्हणजे दार रुंद हवं, आत वळायला जागा हवी, आणि तेवढी जागा निघते फक्त एका ठिकाणाहून. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरांमध्ये एकच भिंत, मातीची, चांगली अडीच फूट जाड. ती काढून तिथं नऊ इंची विटांची घातली तर काम होतंय. भिंत तशीच ठेवली तर दार अरुंद होणार आणि वॉकर चौकटीत अडकणार.

"भिंत कुणाची आहे?" तिनं विचारलं.

"आमचीच," मी म्हणाले. माझ्याकडं पुरावा होता. आमच्याकडं जुन्या लोकांचा एक नियम आहे: भिंत बांधणारा माणूस कोनाडे आपल्या बाजूला ठेवतो, म्हणून ज्याच्या घरात कोनाडा त्याची भिंत. आणि आमच्या बाजूला चांगला हातभर खोल कोनाडा होता. सासऱ्यांचं बायबल त्यांच्या हयातभर त्यात असायचं.

मग बांधकाम होईपर्यंत राहायला भाड्यानं खोल्या शोधायला निघाले, आणि माझा पारा चढायला तिथूनच सुरुवात झाली. पहिल्या घरी बाईनं छान स्वागत केलं. नर्स आहात, बरं झालं बाई, रात्रीअपरात्री आधार. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "यांना विचारून कळवते हं, गावाला गेलेत," असं म्हणाली, आणि तिचे हे मला खिडकीतून दाढी करताना दिसत होते. दुसऱ्या घरी सांगितलं, आमच्या इथं मटण-मासे चालत नाहीत. पायऱ्या उतरताना त्यांच्याच खिडकीतून मटणाच्या रश्श्याचा असा घमघमाट आला की मला भूक लागली. तिसरा म्हातारा सरळ बोलला. "वर देवघर हाय. तुमच्यातलं नको." निदान खरं तरी बोलला.

आमचे पणजोबा गावकुसाबाहेरचे, पुढं ख्रिस्ती झाले. आजोबा शिकले, बाप मास्तर झाला, मी नर्स झाले, ह्याच गावातल्या निम्म्या पोरांना मी पहिलं इंजेक्शन दिलं. तरी आडनाव सांगितलं की समोरच्याचे डोळे जरा हलतात. साठी उलटली, सवय व्हायला हवी होती. होत नाही, वाईट वाटतं ते वाटतंच. शेवटी माझ्याबरोबरच्या एका रिटायर नर्सनं स्टेशनजवळच्या तिच्या दोन खोल्या दिल्या.

तिथं सामान हलवलं आणि चारच दिवसांत पालिकेचा कागद हातात पडला. आमच्या बांधकामाच्या अर्जावर शेजाऱ्यांनी हरकत घेतली होती. "सदर भिंत आमच्या मालकीची असून ती पाडण्यास आमची संमती नाही," असं त्यांनी लिहून दिलेलं.

आता हे शेजारी कोण ते सांगते. मराठा, घरंदाज, गावाकडं शेती. साखर कारखान्यात काट्यावर होते, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करायला. माणूस इतका काटेकोर की दूधवाल्याचं माप वाकून बघणार. मी त्यांना भाऊ म्हणते, त्यांच्या बायकोला वहिनी. बदल्या संपवून आम्ही सासऱ्यांच्या घरात राहायला आलो तेव्हापासून तीस वर्षांचा शेजार, भांडण म्हणून कधी नाही. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं, नाताळला आमच्याकडून जायचं. ताटं दारातून दारात. वहिनी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही, मीही त्यांच्या ओट्याच्या पुढं गेले नाही. एका नाताळात आमच्या करंज्या त्यांच्या तेव्हाच्या गाईपुढं पडलेल्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. गाईनं चवीनं खाल्ल्या. मी काही बोलले नाही, आणि मी काही बोलले नाही म्हणजे मनात किती ठेवलं असेल ते बघा.

तो कागद घेऊन मी रिक्षानं थेट गल्लीत. भाऊ ओट्यावर पेपर वाचत होते.

"भाऊ, हे काय?"

"काय म्हंजे? हरकत हाय."

"तीस वर्षांत हरकत नव्हती, आता कशी उगवली?"

"तुमी तिथं मोठा हॉल काढनार म्हनं. प्रार्थनेचा. लोकं येनार, माईक लावनार. गल्लीत चाललंय बोलनं."

"गल्लीच्या जिभेला हाड आहे का? आणि तुम्ही मला विचारलंत? भिंत माझी, घर माझं, मी हॉल काढीन नाहीतर तमाशाचा तंबू ठोकीन!"

"भिंत तुमची न्हाई, सिस्टर."

हे त्यांनी इतकं शांतपणे म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. खोल्यांसाठी तीन दारांतून परत आलेला सगळा राग मी त्या ओट्यापुढं ओतला. गल्ली जमली. कागदोपत्री भिंतीचा काही उलगडा होत नव्हता, नकाशात दोन घरांमध्ये नुसती एक रेघ. मग मीच छाती काढून म्हणाले, बोलवा गवंडी, भिंत उकलून बघू दे, सगळ्यांसमोर. भाऊ म्हणाले, बोलवा.

दोन दिवसांनी म्हातारा गवंडी आला. आमच्या भागातल्या निम्म्या मातीच्या भिंती त्याच्या बापानं घातलेल्या. अख्खी गल्ली आमच्या रिकाम्या घरात. मी काठापदराची साडी नेसून गेले होते, काय सांगू! लग्नाला निघाल्यासारखी. "हा बघा कोनाडा," म्हणाले, आणि त्यात तळहात आपटला.

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. हातोडीनं कोनाड्याच्या वरचा गिलावा ठोकून काढला. मग बाजूचा काढला. मग माझ्याकडं बघितलं.

"ताई, ह्यो मागनं कोरल्याला हाय."

"मागनं म्हणजे?"

"भित घालताना कोनाडा ठेवला तर वर लाकडाची फळी टाकत्यात, मातीचा भार घ्यायला. हितं फळी कुठंय? पहारीनं कोरलाय कुनीतरी. ही खून बघा पहारीची."

मग तो शेजारी गेला. आमच्या बाजूला ऐकू येत होतं. तिथं वहिनीचं देवघर त्याच भिंतीतल्या कोनाड्यात. तिनं देवांवरचा पडदा बाजूला घेतला, म्हाताऱ्यानं दोन ठोके घातले, आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "फळी हाय! सागवानी!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझे सासरे खोटं बोलणारे नव्हते. बायबल ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनीच पहार घेऊन तो कोरला असणार. भिंत आपली आहे असं ते कधी म्हणाले होते का, हे मी त्या क्षणी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. ते मीच माझ्या मनानं जोडलं होतं आणि इतकी वर्षं छातीठोक सांगत होते. साठ वर्षं आमचं घर त्यांच्या भिंतीवर टेकून उभं होतं आणि त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

भाऊ मला चार गोष्टी ऐकवू शकले असते. मी त्यांच्या जागी असते तर आठ ऐकवल्या असत्या. ते फक्त म्हणाले, "चहा घेऊन जा समद्यांनी." मी चहा घेतला नाही. काठापदराची साडी सावरत रिक्षात बसले.

खोलीवर येऊन ह्यांना सांगितलं, तर हा माणूस हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता परत हसला. "सासऱ्यांनी कोरली आणि सुनेनं जिंकली," म्हणे. मी म्हणाले, हसा, आता तुमचं न्हाणीघर गेलं. तेव्हा त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, "तू जा त्यांच्याकडं. आणि खरं ते सांग."

"काय खरं?"

"माझ्या अंघोळीचं."

"गल्लीभर होईल. लाज नाही वाटायची तुम्हाला?"

"वाटेल की. तरी सांग."

ज्या माणसाला बायकोसमोर अंग उघडं करायची लाज वाटते, त्यानं हे सांगायला लावलं. मला राग गिळायला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. ओट्यापाशी उभी राहिले. "भाऊ, चुकले मी," म्हणाले. हे तीन शब्द मी आयुष्यात किती वेळा उच्चारलेत ते हाताच्या बोटांवर मोजता येईल. मग सगळं सांगितलं. पायऱ्या, दोनदा पडणं, मोरीतली खुर्ची, साडीचा पडदा, कडी. वहिनी दारामागं उभी राहून ऐकत होती.

भाऊंनी चष्मा काढला. "हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही गल्लीला विचारलंत."

"ते बी खरं हाय." चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "आन् प्रार्थनेचं?"

मी ठरवलं, आता खोटं बोलायचं नाही. "शुक्रवारी आमच्या आठ-दहा बायका येणार. आजवर येतच होत्या, तुम्हाला ह्या जाड भिंतीतून ऐकू गेलं नाही एवढंच. गाणी म्हणणार."

"ढोलकी?"

"ढोलकी वाजणार."

"मंग दुपारी वाजवा. सकाळी मला पेपर वाचायचा असतो."

मी हो म्हणाले. पण भाऊंच्या हो म्हणण्यानं भागणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. देव त्या भिंतीत होते, आणि देव वहिनीचे. तिच्या सासूनं तिच्या हाती सोपवलेले, लग्न होऊन आल्यापासून त्याच कोनाड्यात. ते हलवायचे कशासाठी, तर शेजारच्या ख्रिस्ती माणसाच्या न्हाणीसाठी! कुणीही नाही म्हटलं असतं आणि मला तोंड उघडायला जागा नव्हती.

वहिनी दाराबाहेर आली. माझ्याशी न बोलता नवऱ्याला म्हणाली, "डायव्हरभाऊंनी आपल्या पोरीच्या लग्नाची एसटी सोता चालवत काष्टी गावापोतुर नेली व्हती. त्या मानसाला पडद्याआड अंघोळ?" मग माझ्याकडं वळली. "देव म्या हलिवते. चांगला दिवस बघून. देवाला बी जागा बदलली की बरं वाटत आसंल."

सिस्टरला बोलता येईना, हे बघायला गल्लीतलं कुणीच नव्हतं, एरवी मेले सगळे हजर असतात.

भिंत पाडायला दोन दिवस लागले. मातीचा डोंगर ट्रॉलीतून गेला आणि दोन घरांमध्ये राहिली एक निळी ताडपत्री. मी रोज कामावर देखरेखीला जायचे. पहिल्याच सकाळी ताडपत्री बाजूला करून वहिनी आत आली, पदर खोचून, दगडमातीतून वाट काढत. "न्हानी कुठं व्हनार?" म्हणाली. मी पायानं जागा दाखवली. तिनं तिथं उभं राहून चारी दिशांना बघितलं आणि खिडकी पूर्वेला ठेव, ऊन येईल, असा सल्ला दिला. तीस वर्षांत पहिल्यांदा ती आमच्या घरात आली, आणि तेव्हा घरच नव्हतं! मी हे तिला बोलून दाखवलं. ती एवढी हसली की खाली विटांवरच बसली.

"तुमच्या करंज्या एकदा गाईला घातल्या व्हत्या म्या," हसणं थांबल्यावर म्हणाली. "सासू व्हती तवा."

"माहीत आहे मला."

"माहीत हाय? आन् बोलली न्हाईस? तू?"

"गाईनं मागून घेतल्या असत्या तर पुढच्या वर्षी जास्त केल्या असत्या," मी म्हणाले. तेवढ्यावर तो विषय संपला. मनात काय साठवून ठेवलं होतं ते शोधायला गेले तर फारसं काही सापडलं नाही.

नव्या भिंतीची दोरी बांधायचा दिवस आला. रीतीनं दोरी पाडलेल्या भिंतीच्या मधोमध यायची, म्हणजे वाचलेली जागा दोघांना सारखी. खरं तर भिंत त्यांची, त्यांनी सगळी मागितली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. निम्मी मिळतेय हेच माझ्या दृष्टीनं पुष्कळ होतं. इंजिनीअर पोरीनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, निम्म्यात दार बसेल, आत वळायला जरा ओढाताण होईल, पण होईल.

भाऊ टेप घेऊन आले. मी म्हटलं, आता हा माणूस सूत न सूत मोजणार. त्यांनी मधली खूण केली, खुंटी ठोकली, गवंड्यानं दोरी ताणली. मग खिशातून चिठ्ठी काढून वाचली, आणि गवंड्याला म्हणाले, "सोड ती."

"का हो भाऊ?" मी पुढं झाले.

त्यांनी स्वतः वाकून खुंटी उपटली आणि आपल्या घराच्या बाजूला, पाडलेल्या भिंतीच्या अगदी पलीकडच्या कडेला ठोकली. वाचलेली सगळी जागा आमच्याकडं आली.

"काल स्टेशनकडं गेल्तो," म्हणाले. "तुमी भाजीला गेल्या व्हत्या. डायव्हरसाहेबांचा वाकर मोजून आलो. त्येंना खोलीत फिरवून बघितलं, वळायला किती लागतं ते. निम्म्यात न्हाई बसत. त्या पोरीनं कागदावर बसवलंय. मानूस कागदावर वळत न्हाई."

"भाऊ, पण ही तुमची जागा..."

"आख्खी नोकरी काट्यावर काढली, सिस्टर. कुनाच्या वजनात कधी हिकडचं तिकडं केलं न्हाई. आज पहिल्यांदा केलं." आणि गुडघ्यावर हात टेकून उठता उठता म्हणाले, "गुडघे मला बी हायेत."

मी रडले. तिथंच, गवंड्यासमोर, सिमेंटच्या गोण्यांवर बसून. वहिनीनं ताडपत्रीतून डोकं काढून विचारलं काय झालं, तर भाऊ म्हणाले, काय न्हाई, धूळ गेली.

घर व्हायला पाच महिने लागले. पायरी एकही नाही, रस्त्यावरून सरळ आत. वहिनीचे देव आता त्यांच्या पुढच्या खोलीत, नवीन सागवानी देव्हाऱ्यात. शुक्रवारी दुपारी आमची ढोलकी वाजते; पहिल्या शुक्रवारी भाऊंनी निरोप पाठवला की ताल चुकतोय. नऊ इंची भिंतीतून सगळंच ऐकू जातं, आमची भांडणं त्यांना आणि त्यांचं घोरणं आम्हाला. गल्लीत अजून काही लोक माझ्याकडं तिरकं बघतात, आणि त्या तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याच्या दारावरून जाताना मी मुद्दाम खाकरते. जिरायची नाही माझी खोड.

राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरम पाणी काढून दिलं, टॉवेल दांडीवर टाकला, खुर्ची सरकवून ठेवली आणि बाहेर आले. हे वॉकर घेऊन आत गेले. दार लागलं. कडीचा आवाज आला. मी दाराला चिकटून उभी, पडले तर उघडायचं कसं ह्याच विचारात. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग पाण्याचा आवाज, तांब्याचा आवाज, परत पाणी.

"झालं का हो?" मी विचारलं.

तांब्याचा आवाज थांबला. मी दार ठोठवायला हात उचलला. तेवढ्यात भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज आला, "ओ डायव्हरसाहेब, जमतंय का?"

आतून आमचे हे खणखणीत आवाजात म्हणाले, "जमतंय! जरा बायकोला हाक मारून तुमच्याकडं बोलवून घ्या, दाराशी उभी आहे, निवांत अंघोळ करू देईना."

"सिस्टर," भाऊ भिंतीपलीकडून ओरडले, "या हिकडं. चहा टाकलाय."

मी गेले. आत, स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि बशीत ओतून चहा प्याले. हे तासभर अंघोळ करत होते.